हवाई धास्ती, नागरी

शहरावरून कमी उंचीने जाणारे विमान, हेलिकॉप्टर वा अन्य उडते साधन पाहून, त्याचा प्रत्यक्ष धोका असो वा नसो, नागरिकांच्या मनात हल्ल्याची जी शंका उत्पन्न होते, तिला हवाई धास्ती म्हणता येईल. युद्धकाळात ती शत्रूच्या विमानांविषयी असे. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून दहशतवादी कृत्यांनंतरच्या काळात ती स्वतःच्या देशातील, नित्याच्या मार्गाने जाणाऱ्या प्रवासी विमानांविषयीही वाटू लागली. महाराष्ट्रात या भावनेचा इतिहास प्रामुख्याने मुंबई शहराशी निगडित आहे. तथापि अलीकडे तिचे लोण अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर), बीड, जालना अशा जिल्ह्यांतील खेड्यांपर्यंत पोहोचले आहे.

ही धास्ती निव्वळ अज्ञानातून उद्‌भवते असे समजणे योग्य नाही. आकाशात तुलनेसाठी झाड, घर वा खांब नसल्याने विमानाची उंची डोळ्यांना अजमावता येत नाही. पाहणारा ती विमानाच्या दिसणाऱ्या आकारावरून ठरवितो. सु. ७० मी. लांबीचे बोईंग ७४७ विमान ६०० मी. उंचीवर असता जेवढे दिसते, तेवढेच सु. २७ मी. लांबीचे एटीआर विमान २३० मी. उंचीवर असता दिसते. लहान विमानांची सवय असलेल्या माणसास मोठे विमान म्हणूनच घरांच्या गच्च्यांना घासून जात असल्यासारखे भासते. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार दाट वस्तीवरून जाताना विमानाने ६०० मी. त्रिज्येतील सर्वांत उंच अडथळ्याच्या वर किमान ३०० मी. अंतर राखावयाचे असते. मात्र उतरताना व उडताना हा नियम लागू नसतो. उतरणारे विमान साधारणतः तीन अंशांच्या उताराने धावपट्टीकडे येते. म्हणजे धावपट्टीपासून पाच किमी. वर ते सु. २६० मी. व दोन किमी. वर अवघ्या सु. १०५ मी. उंचीवर असते. मुंबईचा विमानतळ शहराच्या मध्यात सापडलेला असल्याने घाटकोपर व कुर्ला या भागांतील रहिवाशांना हे दृश्य नित्याचे आहे. मुख्य धावपट्टी दुरुस्तीसाठी बंद ठेवून दुसरी वापरात आणली, की विमानांचा मार्ग बदलतो आणि ज्यांच्या डोक्यावरून ती एरवी जात नाहीत असे लोक चकित होतात. सवय हीच या बाबतीत सर्वांत मोठी समजूत घालणारी असते.

मुंबईच्या आकाशात विमान प्रथम आले ते कुतूहलाचा विषय म्हणून. जुहूचे विमानतळ १९२८ च्या सुमारास अस्तित्वात आले आणि १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून टपाल घेऊन आपले छोटे विमान तेथे उतरविले. विमानाकडे संशयाने पाहण्याचे कारण दहा वर्षांच्या आतच निर्माण झाले. डिसेंबर १९४१ मध्ये जपान युद्धात उतरला. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर व मार्चमध्ये रंगून पडले. ५ एप्रिलला कोलंबोवर आणि दुसऱ्याच दिवशी विशाखापटनम् व काकिनाडा येथे जपानी विमानांनी बाँब टाकले. मद्रास शहर अल्पावधीत निम्म्याहून अधिक ओस पडल्यासारखे झाले. मुंबईतही अंधारपट पाळला जाऊ लागला, हवाई हल्ल्यापासून संरक्षण करणारी स्वयंसेवक दले उभारली गेली, भोंग्यांच्या चाचण्या होऊ लागल्या आणि अनेक कुटुंबांनी बायकामुलांना कोकणात, देशावर वा गुजरातेत आपल्या गावी पाठविले. मुंबईवर शत्रूच्या विमानाने त्या युद्धात एकदाही बाँब टाकला नाही. पण न आलेल्या हल्ल्याची वाट पाहण्यात दोन वर्षे गेलेल्या शहराचे मन कसे घडते, हे १९४४ मध्ये दिसून आले.

शुक्रवार, १४ एप्रिल १९४४ रोजी दुपारी व्हिक्टोरिया गोदीत नांगरलेल्या ‘फोर्ट स्टिकीन’ या मालवाहू जहाजास आग लागली. त्यावर सु. १,४०० टन स्फोटके, कराचीत चढविलेल्या कापसाच्या हजारो गाठी व सोन्याच्या विटा एकत्रच भरलेल्या होत्या. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला व त्यानंतर सु. अर्ध्या तासाने दुसरा प्रचंड स्फोट झाला. जळत्या गाठी व लोखंडाचे तुकडे आकाशातून मांडवी व मशीद बंदर या वस्त्यांवर कोसळले. सिमल्याच्या भूकंपमापकावरही धक्क्याची नोंद झाली. शेकडो माणसे मृत्युमुखी पडली. बळींच्या संख्येविषयी अंदाज आठशेपासून तेराशेपर्यंत आहेत. आग विझविताना ६६ अग्निशामक जवान कामी आले व त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो.

या आपत्तीचा हवाई धास्तीशी येणारा संबंध स्फोटानंतरच्या काही तासांत आहे. आकाशातून आग पडते आहे, हे लोक प्रत्यक्ष पाहत होते. तिचे मूळ गोदीतील एका जहाजात आहे, हे त्यांना दिसत नव्हते. जपानी विमानांनी हल्ला केला, असा समज शहरात झपाट्याने पसरला आणि जे सावरले ते सामान घेऊन स्थानकांकडे निघाले. दोन वर्षे ज्या गोष्टीची तालीम झाली होती तीच घडली, असे वाटणे स्वाभाविक होते. या समजाचे तत्काळ निराकरण करण्याऐवजी सरकारने वृत्तनियंत्रणाचा मार्ग अवलंबिला. वृत्तपत्रांना सविस्तर वृत्त धाडण्याची मुभा मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात मिळाली. दरम्यान जपानच्या ताब्यातील सायगाव नभोवाणीने १५ एप्रिललाच त्याची तपशीलवार माहिती देऊन टाकली होती. आपल्या शहरात काय घडले हे मुंबईकरांना शत्रूच्या नभोवाणीवरून कळावे, याहून अधिक अविश्वास वाढविणारी दुसरी गोष्ट नाही. गोदीची सुव्यवस्था पुन्हा बसविण्यास अनेक महिने लागले. अफवेचा माग मात्र कोणी ठेवला नाही.

स्वातंत्र्योत्तर युद्धांत अंधारपटाचे प्रसंग पुन्हा आले. १९६५ च्या युद्धात १९ सप्टेंबर रोजी गुजरातचे मुख्यमंत्री बलवंतराय मेहता यांचे साधे नागरी विमान कच्छच्या सीमेजवळ पाकिस्तानी लढाऊ विमानाने पाडले व त्यातील सर्वजण ठार झाले. आकाशातील वस्तू ओळखण्यातली चूक केवळ रस्त्यावरील माणसाकडूनच होते असे नाही, याचे हे ठळक उदाहरण होय. डिसेंबर १९७१ मध्ये मुंबईत खिडक्यांच्या काचांना तपकिरी व काळे कागद चिकटवून आणि मोटारींचे दिवे अर्धे रंगवून लोकांनी रात्री काढल्या. युद्ध पंधरवड्यातच संपल्याने त्या आठवणींना पुढे काहीसे कौतुकाचे स्वरूप आले.

शांततेच्या काळातील अपघात मात्र बराच काळ अपघात म्हणूनच स्वीकारले जात. जुलै १९६२ मध्ये मुंबईकडे येणारे इटालियन विमान जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळून ९४ जण मरण पावले. १ जानेवारी १९७८ रोजी एअर इंडियाचे ‘सम्राट अशोक’ हे विमान उड्डाणानंतर काही क्षणांतच वांद्र्यासमोर समुद्रात कोसळून २१३ जण बुडाले. न्यूयॉर्कमध्येही २८ जुलै १९४५ रोजी, महायुद्ध चालू असतानाच, धुक्यात वाट चुकलेले लष्करी विमान एम्पायर स्टेट इमारतीवर आदळले व १४ माणसे दगावली. तरी शहराने आकाशाचा धसका घेतला नाही. विमान हेच शस्त्र होऊ शकते, ही कल्पना तोवर सामान्य माणसाच्या मनात शिरलेली नव्हती.

ती शिरण्यास भारतात काही पूर्वसूचना मिळाल्या होत्या. १२ मार्च १९९३ च्या बाँबस्फोटमालिकेत शेअर बाजाराबरोबर नरिमन पॉइंट येथील एअर इंडियाच्या इमारतीलाही लक्ष्य करण्यात आले. १७ डिसेंबर १९९५ च्या रात्री एका परदेशी मालवाहू विमानाने पश्चिम बंगालमधील पुरुलिया जिल्ह्यात शस्त्रास्त्रांच्या पेट्या टाकल्या आणि काही दिवसांनी तेच विमान पुन्हा भारतीय हद्दीत आले असता हवाई दलाने त्यास मुंबईत उतरण्यास भाग पाडले. विमानातील एक प्रमुख सूत्रधार विमानतळावरूनच निसटला. डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून दिल्लीस येणाऱ्या विमानाचे अपहरण होऊन ते कंदाहारला नेले गेले. तरीही निर्णायक बदल घडविला तो ११ सप्टेंबर २००१ च्या न्यूयॉर्क व वॉशिंग्टन येथील हल्ल्यांनी. त्यानंतर दोनच महिन्यांनी, १२ नोव्हेंबर रोजी, न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात एक प्रवासी विमान पडून २६५ जण ठार झाले. शेपटीचा उभा पंख तुटल्याने घडलेला तो अपघात होता. पण पहिल्या तासांत तो अपघात असेल यावर फार थोड्यांचा विश्वास बसला. भारत सरकारने २००५ मध्ये अपहरणविरोधी धोरण स्वीकारून, अपहृत विमान क्षेपणास्त्रासारखे वापरले जाण्याचा धोका असल्यास ते पाडण्याची तरतूद केली. लोकांच्या मनातील धास्तीला शासनानेच दिलेली ही एक प्रकारची मान्यता होती.

मुंबईवरील २६ नोव्हेंबर २००८ चा हल्ला समुद्रमार्गे झाला. दहा हल्लेखोर रबरी होडीतून कफ परेडच्या कोळीवाड्यालगत उतरले आणि तीन दिवसांच्या काळात त्यांनी १६६ जणांचे प्राण घेतले. आकाशाचा या हल्ल्याशी काहीही संबंध नव्हता. पण त्यानंतर शहरात भीती उरली ती आकाशाविषयीही. याचे कारण असे, की समुद्र हा शहराचा रोजचा, ओळखीचा शेजारी. तोच बेभरवशाचा ठरल्यावर उरलेल्या दिशांचा भरवसा कोणी द्यावा, असा प्रश्न निर्माण झाला. २८ नोव्हेंबरला छत्रपती शिवाजी टर्मिनस स्थानकात पुन्हा गोळीबार झाल्याची खोटी बातमी पसरून लोकांची पळापळ झाली, त्यावरून त्या दिवसांतील मनःस्थितीची कल्पना येते.

याच दिवशी सकाळी कुलाब्यातील नरिमन हाउस या इमारतीवर हवाई दलाचे हेलिकॉप्टर येऊन थांबले आणि राष्ट्रीय सुरक्षा दलाचे कमांडो दोरांवरून गच्चीवर उतरले. कुलाब्यातील गल्ल्या अरुंद व घरे एकमेकांस खेटून आहेत. त्यांवर एवढ्या कमी उंचीवर हेलिकॉप्टर स्थिरावल्याचे दृश्य रहिवाशांनी पूर्वी पाहिलेले नव्हते. तरीही कोणी त्यापासून पळाले नाही. ते कोणाचे, कशासाठी आले व काय करणार, हे सर्वांना ठाऊक होते. कारवाई संपल्यावर रस्त्यावरील गर्दीने जवानांचे जयघोषात स्वागत केले. दूरचित्रवाणीवरून ही कारवाई थेट दाखविली गेल्याबद्दल पुढे रास्त टीका झाली, कारण इमारतीतील हल्लेखोरांनाही बाहेरून तीच माहिती मिळत होती. हवाई धास्तीच्या दृष्टीने मात्र हा प्रसंग वेगळ्या कारणासाठी ध्यानात घेण्याजोगा आहे : आवाज तोच, उंची एरवीपेक्षा कितीतरी कमी; पण अर्थ माहीत असल्याने त्यातून भीतीऐवजी धीर उत्पन्न झाला.

याच्या उलट प्रकार पाच महिन्यांनी न्यूयॉर्कमध्ये घडला. २७ एप्रिल २००९ रोजी सकाळी राष्ट्राध्यक्षांसाठी वापरले जाणारे प्रचंड बोईंग विमान, मागे एफ-१६ हे लढाऊ विमान, अशा जोडीने मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाजवळ कमी उंचीवर घिरट्या घालू लागले. कार्यालयांतून शेकडो लोक जिने उतरून रस्त्यावर धावले. उद्देश एवढाच होता, की स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याच्या पार्श्वभूमीवर विमानाचे छायाचित्र मिळावे. शहरातील काही अधिकाऱ्यांना आगाऊ कळविण्यात आले होते, परंतु ती माहिती जनतेस देऊ नये असे बजावलेले होते. महापौर ब्लूमबर्ग यांना स्वतःलाही तिची गंधवार्ता नव्हती. या छायाचित्रमोहिमेस ३,२८,८३५ डॉलर खर्च आला. व्हाइट हाउसच्या लष्करी कार्यालयाचे प्रमुख लुई काल्डेरा यांना मे महिन्यात पद सोडावे लागले. १९४४ च्या मुंबईत सरकारने घडून गेलेली गोष्ट लपविली. २००९ च्या न्यूयॉर्कमध्ये घडणार असलेली. पहिल्या प्रसंगास युद्धाची सबब तरी होती.

मुंबईत या धास्तीची दखल पोलिसी आदेशांच्या रूपाने घेतली गेली. २०१० च्या सुमारास अतिरेकी संघटना पॅराग्लायडरचा वापर करू शकतील असे इशारे केंद्रीय यंत्रणांकडून आले. त्यानंतर पॅराग्लायडर, दूरनियंत्रित अतिहलकी विमाने, उष्ण हवेचे फुगे व पुढे ड्रोन यांच्या उड्डाणास बंदी घालणारे आदेश मुंबई पोलीस मुदतीमागून मुदत देत काढीत आले आहेत. ट्राँबे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रावरील हवाई क्षेत्र पूर्वीपासूनच निषिद्ध आहे. (निषिद्ध क्षेत्रांच्या यादीत मलबार टेकडीवरील पारशी समाजाचे दोखमेही आहेत, तेथे कारण सुरक्षेचे नसून मृतांच्या खाजगीपणाचे आहे.) मे २०१५ मध्ये एका वैमानिकास विमानतळाच्या परिसरात हवाई छत्रीसारख्या पाच वस्तू दिसल्या व सुरक्षा यंत्रणांची धावपळ उडाली; तपासाअंती ते एका खाजगी समारंभात सोडलेले फुगे निघाले. २८ जून २०१८ रोजी घाटकोपर येथे चाचणी उड्डाणावरील छोटे विमान बांधकाम चालू असलेल्या जागी कोसळून विमानातील चौघे व एक पादचारी असे पाच जण मरण पावले. कमी उंचीवरील विमानाचा खरा धोका मुंबईकरांच्या बाबतीत कोठे आहे, याचा हा दाखला होता. पण तांत्रिक अपघाताची भीती घातपाताच्या भीतीइतकी टिकाऊ नसते, असा अनुभव आहे.

आगाऊ सूचना दिली, की तेच आकाश उत्सवाचे होते. ४ डिसेंबरच्या नौदल दिनानिमित्त गेटवे ऑफ इंडियासमोर हेलिकॉप्टरे व विमाने गर्दीच्या डोक्यावरून जातात. मे २०२० मध्ये करोना साथीच्या काळात हवाई दलाने मरीन ड्राइव्हवरून विमाने नेली व रुग्णालयांवर फुले उधळली. जानेवारी २०२४ मध्ये तेथेच सूर्यकिरण पथकाच्या कसरती पाहण्यास लोक मुलाबाळांसह आले.

अहमदनगर शहराचा अनुभव मुंबईहून निराळा आहे. चिलखती दलाचे केंद्र व यांत्रिक पायदळाचे केंद्र यांमुळे हे शहर लष्करी वर्दळीस सरावलेले आहे. शहराच्या वायव्येस खारे कर्जुने गावाच्या नावावरून ओळखल्या जाणाऱ्या के. के. रेंज या सराव क्षेत्रात रणगाड्यांच्या तोफांचा मारा चालतो. मनमाड रस्त्यावरील नागापूर येथे औद्योगिक वसाहत आहे. तोफांचे दूरवरचे धमाके आणि सरावप्रसंगी येणारी हेलिकॉप्टरे नगरकरांच्या ऐकण्या-पाहण्यातली असल्याने त्यांनी कोणी दचकत नाही. सराव क्षेत्राच्या विस्ताराच्या प्रस्तावामुळे नगर, पारनेर व राहुरी या तालुक्यांतील २३ गावांत काळजी पसरली, ती गोळ्यांची नव्हे, तर जमिनी जाण्याची. ‘निशांत’ या भारतीय मानवरहित विमानासाठी तयार झालेल्या वाँकेल पद्धतीच्या इंजिनाच्या विकासात नगरच्या वाहन संशोधन आणि विकास संस्थेचा वाटा आहे.

याच जिल्ह्यात व शेजारच्या पुणे, बीड, जालना व छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांत २०२४ च्या उन्हाळ्याअखेरीस व पावसाळ्याच्या आरंभी रात्री गावांवर अनोळखी ड्रोन घिरट्या घालत असल्याच्या तक्रारी येऊ लागल्या. चोर ड्रोनने घरे हेरतात, अशी वदंता उठली आणि गावोगावी तरुण काठ्या घेऊन रात्रीचा पहारा करू लागले. हा प्रश्न विधिमंडळातही मांडला गेला. ड्रोन ही वस्तू या गावांना नवीन नव्हती. गावठाणाच्या मोजणीसाठी ‘स्वामित्व’ योजनेखाली (२०२०) ते दिवसाढवळ्या, ग्रामपंचायतीस कळवून, उडविले गेले होते. नवे होते ते रात्रीचे, मालक अज्ञात असलेले दिवे. अशा पहाऱ्यांतून वाटसरूंना व परगावच्या माणसांना मार बसण्याची भीती असते आणि तीच या प्रकारातील सर्वांत गंभीर बाब होय. ड्रोन हाती लागत नाही, रस्त्यावरचा अनोळखी माणूस लागतो.

ही वदंता सर्वस्वी निराधार मानता येत नाही, कारण २७ जून २०२१ रोजी जम्मू येथील हवाई दलाच्या तळावर ड्रोनमधून स्फोटके टाकली गेली होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लागू झालेल्या ड्रोन नियमांनी देशाचे आकाश हिरव्या, पिवळ्या व तांबड्या विभागांत वाटले; हिरव्या विभागात १२० मी. पर्यंत परवानगीवाचून उड्डाण करता येते, तांबड्यात केंद्र सरकारची अनुज्ञा लागते. पण विभाग नकाशावर असतात. खालून पाहणाऱ्यास ड्रोन कोणाचा, हे कळण्याची सोय त्यात नाही.

चुकीच्या ओळखीची किंमत सैन्यासही मोजावी लागली आहे. बालाकोटच्या हवाई कारवाईनंतर, २७ फेब्रुवारी २०१९ रोजी, काश्मीरमधील बडगाम येथे भारतीय हवाई दलाचेच हेलिकॉप्टर आपल्याच क्षेपणास्त्राने पडून सहा हवाई सैनिक व एक नागरिक ठार झाला. जानेवारी २०२० मध्ये इराणने तेहरानहून निघालेले युक्रेनचे प्रवासी विमान क्षेपणास्त्र समजून पाडले व १७६ जणांचा बळी गेला. उपकरणे असलेल्यांचीही तणावाच्या काळात अशी फसगत होते.

पहलगाम येथे २२ एप्रिल २०२५ रोजी २६ जणांची हत्या झाल्यावर ७ मे रोजी भारताने सीमेपलीकडे हवाई कारवाई केली. त्याच दिवशी देशभर नागरी संरक्षणाच्या तालमी घेण्यात आल्या व १९७१ नंतर प्रथमच अनेक ठिकाणी भोंगे वाजले. महाराष्ट्रात सर्वाधिक संवेदनशील म्हणून मुंबई, उरण व तारापूर यांचा पहिल्या गटात समावेश होता. मुंबईत ड्रोनबंदीबरोबर फटाके उडविण्यासही काही काळ मनाई करण्यात आली. रात्री अचानक झालेला आवाज कोणता, असा संभ्रम पडू नये हा तिचा हेतू. १० मे रोजी शस्त्रसंधी झाली. भोंग्याचा सूर कशासाठी आहे, चढउताराचा म्हणजे धोका व एकसुरी म्हणजे धोका टळला, हे त्या दिवशी शाळाशाळांतून पुन्हा शिकविले गेले.